शाळेत कलेचा तास हवा, तर गावाने तो मागायला हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जिल्हा परिषदेच्या शाळांमधील रिक्त पदांविषयी वृत्तपत्रांत वरचेवर बातम्या येतात. त्यांत कलाशिक्षकाचा उल्लेख मात्र क्वचितच असतो, कारण जे पद मंजूरच नाही ते रिक्तही दिसत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव या विषयांचे अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारे, नेमण्याची तरतूद आहे, पण ती पटावर शंभराहून अधिक मुले असतील तेथेच लागू होते. सिंधुदुर्गातील वाडीवस्तीवरच्या शाळा ज्यांना ठाऊक आहेत त्यांना या अटीचा अर्थ वेगळा सांगायला नको. सातवीपर्यंतच्या सगळ्या वर्गांचा पट एकत्र केला तरी शंभरचा आकडा बहुतेक शाळांच्या आवाक्याबाहेरच राहतो. पहिली ते पाचवीच्या मुलांचा तर या तरतुदीत विचारच नाही. राज्यात ज्या शाळांत असे निदेशक नेमले गेले तेथेही तुटपुंजे मानधन आणि पुढच्या वर्षी काम राहील की नाही याची टांगती तलवार, यामुळे अनेकांना न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

कागदावर पाहिले तर सारे यथास्थित आहे. वेळापत्रकात कलेचे तास आहेत, बालभारतीचे कला, कार्यानुभव व शारीरिक शिक्षणाचे एकत्रित पाठ्यपुस्तक आहे आणि प्रगतिपुस्तकात कलेची श्रेणीही नियमाने भरली जाते. प्रत्यक्षात द्विशिक्षकी शाळेतील गुरुजींना तीन-चार वर्ग एकाच वेळी सांभाळायचे असतात, पोषण आहाराचा हिशेब ठेवायचा असतो आणि वरिष्ठांनी मागवलेली माहिती त्याच दिवशी ऑनलाइन भरायची असते. अशा वेळी कलेचा तास म्हणजे ‘वहीत एखादे चित्र काढा’ एवढी सूचना उरते, आणि मुले दोन टोकदार डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य, खाली वळण घेत आलेली नदी आणि काठावर एक झोपडी काढून वही मिटतात. ज्याच्या घरामागे जांभ्या दगडाचा सपाट सडा, म्हणजे खडकाळ माळ, आहे आणि ज्याचे वडील रापण, म्हणजे मासेमारीचे मोठे जाळे, किनाऱ्यावरून ओढायला जातात, तो मुलगाही हेच चित्र काढतो. समोर दिसते ते पाहून काढावे, हे त्याला कोणी शिकवलेलेच नसते. यात गुरुजींना दोष देणे अन्यायाचे होईल.

हे घडते कोणत्या जिल्ह्यात? दशावतार या पारंपरिक लोकनाट्याच्या मंडळ्या गावोगावच्या जत्रा गाजवतात त्या जिल्ह्यात. पिंगुळीच्या ठाकर समाजाने चित्रकथीची, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगण्याची, परंपरा सांभाळली आणि तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, तो हा जिल्हा. सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि गंजिफा हे हाताने रंगवलेले खेळाचे पत्ते यांविषयी मी नव्याने काय लिहावे? नागपंचमीपासून गावागावांतल्या गणेशचित्रशाळांमध्ये माती मळली जाते, तेव्हा शाळा सुटल्यावर दप्तरासकट तेथे जाऊन बसणारी मुले मी दरवर्षी पाहतो. मूर्तिकार डोळ्यांची आखणी करायला घेतो त्या वेळी ती श्वास रोखून पाहतात, आणि एखाद्याच्या हाती उंदराचा रंग सोपवला तर त्याचा दिवस सार्थकी लागतो. शाळेपासून चार घरे पलीकडे हे शिक्षण चालू असते. त्याचा आणि शाळेचा संबंध येऊ नये, अशी व्यवस्था आपणच निमूटपणे चालू दिली आहे.

या प्रश्नात सरकारइतकीच आम्हा ग्रामस्थांची आणि पालकांचीही जबाबदारी आहे, असे माझे मत आहे. शाळेसाठी गाव पैसे देत नाही असे मुळीच नाही. मुंबईकर मंडळी संगणक देतात, दूरदर्शन संच देतात, भिंती रंगवून देतात आणि कोनशिलेवर नावही घालून घेतात. स्नेहसंमेलन आले की चित्रपटगीतांवरील नाचांसाठी भाड्याचे पोशाख आणि ध्वनिक्षेपक यांवर पालक हौसेने खर्च करतात. या हौसेला माझी हरकत नाही, पण तेवढ्याने वर्षभराचे कलाशिक्षण झाले असे समाधान मानणे मला पटत नाही. वस्तू देता येते आणि छायाचित्र काढून मोकळे होता येते. आठवड्यातले दोन तास कोणी तरी नियमाने शिकवील याची तजवीज करणे अवघड, म्हणून ते राहून जाते.

दहावीला कलेचे वाढीव गुण मिळतात, त्यामुळे पालकांना कलेचे महत्त्व पटले आहे, असेही सांगितले जाते. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांना मुलांची गर्दी होते हे खरे. पण वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन यांची तयारी ज्याने सातवीपर्यंत धड पेन्सिलही तासून वापरलेली नाही, त्याने आठवी-नववीत एकदम कशी करावी? ज्यांच्या घरची मंडळी शहरातील खासगी वर्गाचे शुल्क भरू शकतात त्यांनाच हे गुण सुलभ होतात. म्हणजे ज्या सवलतीने ग्रामीण मुलाला हात द्यायचा, तिचा लाभ मुख्यतः दुसऱ्यालाच होतो.

यावर मार्ग आहे आणि त्याची चौकट कायद्यातच आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. शाळा विकास आराखडा तयार करणे हे या समितीचे काम आहे. बहुतेक आराखड्यांत संरक्षक भिंत, स्वच्छतागृह आणि गळके छप्पर यांपुढे मजकूर जात नाही. त्यात ‘आठवड्याला कलेचे दोन तास, गावातील किंवा शेजारच्या गावातील कलावंताकडून, मानधन देऊन’ अशी स्पष्ट नोंद समितीने करावी. मानधनाचा मुद्दा मी मुद्दाम घालतो. कलावंताला शाल-श्रीफळ देऊन बोळवण करण्याची आपली सवय जुनी आहे, आणि फुकटच्या तासाला ना वेळ पाळली जाते ना जबाबदारी विचारता येते. तासाला ३०० रुपये धरले, तर आठवड्याचे दोन तास आणि वर्षाचे तीस आठवडे मिळून १८ हजार रुपये होतात. डबलबारीच्या भजनाच्या सामन्यासाठी वर्गणी काढणाऱ्या गावाला ही रक्कम जड जाण्याचे कारण नाही.

वित्त आयोगाच्या निधीतून वेतनावर खर्च करता येत नाही, ही अडचण ग्रामसेवक सांगतील आणि ती योग्यच आहे. परंतु ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते. रंग, कागद, माती, एखादी पायपेटी किंवा पखवाज यांसाठी त्यातून तरतूद मागता येईल, आणि मानधनासाठी गावकऱ्यांच्या मुंबईतील मंडळाने व माजी विद्यार्थ्यांनी वर्षाची रक्कम जूनपूर्वी शाळेच्या समितीकडे जमा करावी.

वेळेचा मेळही बसतो. दशावतारी कलावंत कार्तिकापासून वैशाखापर्यंत रात्री नाटकांत आणि सकाळी झोपेत असतात, त्यांच्याकडून तेव्हा अपेक्षा करणे चुकीचे. मात्र भातलावणी उरकल्यापासून जत्रांचा हंगाम सुरू होईपर्यंत त्यांना दुपारी सवड असते आणि शाळाही भरलेली असते. लिहून दिलेल्या संहितेशिवाय, प्रसंग समजून घेऊन रंगमंचावर जागच्या जागी संवाद बोलणे हे या कलेचे मर्म आहे. भाषेच्या तासाला तोंड न उघडणाऱ्या मुलांना याचा किती उपयोग होईल हे कोणत्याही शिक्षकाला विचारावे. जत्रांच्या काळात चित्रकला आणि मातीकाम घेता येईल. दशावतारात स्त्रीभूमिकाही पुरुषच करत आले, म्हणून शाळेतल्या मुलींनी प्रेक्षकांतच बसावे असे नाही. फुगडीची गाणी आणि जात्यावरच्या ओव्या ज्यांना मुखोद्गत आहेत त्या आजीबाईंनाही याच मानधनावर बोलवावे. तास चालू असताना वर्गशिक्षकांनी वर्गात हजर राहावे, ही अट मुलांच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक आहे.

गावानेच सोय केली तर सरकार हात झटकून मोकळे होईल, हा आक्षेप गंभीर आहे. म्हणूनच या तासांची नोंद शाळेच्या दप्तरात रीतसर ठेवावी आणि त्याच ठरावात जिल्हा परिषदेकडे मागणीही करावी. शंभर पटाची अट एकेका शाळेला न लावता केंद्रातील, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातील, सर्व शाळांचा पट एकत्र धरावा, आणि त्या सर्वांसाठी एक पूर्णवेळ, कलाशिक्षक पदविकाधारक शिक्षक नेमावा, जो आठवड्यातील ठरावीक वारी एकेका शाळेत जाईल. स्थानिक कलावंत आपली कला देतील. वयानुसार काय शिकवावे, मुलाचे काम कसे पाहावे आणि मूल्यमापन कसे करावे, हे प्रशिक्षित शिक्षकाचेच काम आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये अभ्यासाचे विषय आणि कला यांत भिंत नसावी असे म्हटले आहे, तेव्हा या मागणीला धोरणाचा आधारही आहे.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ग्रामपंचायतीच्या पुढील वर्षाच्या आराखड्यावर चर्चा होते. त्याआधी प्रत्येक शाळा व्यवस्थापन समितीने आपला ठराव करून तो ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घेण्याचे पत्र सरपंचांना द्यावे, आणि त्याची एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना पोहोच घेऊन द्यावी, अशी जिल्ह्यातील सर्व पालकांना विनंती आहे.

आपला,
शाळा व्यवस्थापन समितीचा एक माजी सदस्य,
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग