जुने कागद स्कॅन झाले, पण उघडायचे कसे?

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या आजोबाच्या नावची निजाम काळातली नोंद बघायला मी परवा एका सरकारी साईटवर गेलो, गावाचं नाव टाकलं, कागद सापडला पण, आणि क्लिक केलं तर पांढरी चौकट अन् खाली एक ओळ, प्लगिन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) टाका. ते प्लगिन टाकलं तरी काही होईना. नेट कॅफेवाला पोरगा म्हणला, काका, असले प्लगिन क्रोमनं २०१५ लाच बंद केले, फायरफॉक्सनं २०१७ ला, आता कुठून चालतील?

फाईल डेजाव्हू (DjVu) म्हणून स्कॅन केलेल्या कागदांसाठीचा एक फॉरमॅट असतो, त्यातली होती. फॉरमॅट वाईट नाही बरं का, उलट चांगलाय, अक्षरं एका थरात अन् कागदाचा पिवळा रंग दुसऱ्या थरात ठेवतो म्हणून स्कॅन हलका राहतो, आमच्याकडच्या नेटला तेच परवडतं. शेवटी त्या पोरानं फाईल डाउनलोड करून फुकटच्या व्ह्यूअरमधे उघडून दिली तेव्हा मोडीतली बारीक शाई, कडेचा उर्दू शिक्का, सगळं लख्ख दिसलं, खरं सांगतो डोळ्यात पाणी आलं.

पण खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसानं हे कसं करायचं? कुणबी नोंदीसाठी मराठवाड्यातले लोक रोज असले कागद धुंडाळायलेत. साईटवाल्यांनी त्याच कागदाची पीडीएफ पण शेजारी ठेवावी, मोबाईलवर लगेच उघडते, आणि जुनी प्लगिनची ओळ तेवढी काढून टाकावी.

एक वाचक, ता. गेवराई, जि. बीड