परसातील कृत्रिम कुंपणाबाबत सूचना

सातारा येथील आपल्या गृहनिर्माण संस्थेच्या सर्व सभासदांस कळविण्यात येते की, परसात आडोशासाठी प्लॅस्टिकच्या पानांचे कुंपण किंवा हिरवी शेडनेट लावण्यास हरकत नाही. मात्र सामाईक भिंतीवर ती बसवण्यापूर्वी शेजाऱ्यांची लेखी संमती घ्यावी. पावसाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्याने सलग जाळी शिडासारखी फुगून खांबच वाकवते, म्हणून खांब काँक्रीटमध्ये रोवावेत, खाली वीतभर फट ठेवावी आणि बांधणीसाठी उन्हाने ठिसूळ होऊन तुटणाऱ्या साध्या नायलॉन पट्ट्यांऐवजी जस्तलेपित तार वापरावी. अतिनील किरणांना टिकणाराच माल घ्यावा. स्वस्तातली पाने लवकर विटतात आणि मग हौसेने लावलेले कुंपण नकोसे होते. ही पाने पेट घेतात, त्यामुळे पाणी तापवण्याचा बंब किंवा चूल त्यांच्यालगत ठेवू नये.

— व्यवस्थापक समिती