या वेळी आगोंदला जाऊ

ती. बाबा आणि आई यांना सा. नमस्कार.

फोनवर हे सांगायला घेतलं की मध्येच कुकरची शिट्टी होते, नाहीतर मला रडू येतं. म्हणून लिहितेय.

मागच्या डिसेंबरात बागा बीचवर मिहिरने वाळूत लोळून जो आकांत मांडला, त्यावर आपण कधी बोललोच नाही. बाबा, तुम्ही लांब जाऊन पाठ फिरवून बसलात. मला लागलं ते, पण चूक माझीच होती. नाताळचा आठवडा, भर संध्याकाळ, दोन्हीकडून दोन वेगळी गाणी धडधडतायत, तळणाचा वास, आणि वर आपलेच दहा-बारा जण "अरे, पाण्यात ये की!" म्हणून ओढतायत. माझंसुद्धा डोकं उठलं होतं. मिहिरला तर ऑटिझममुळे नको तो आवाज बाजूला सारता येत नाही, सगळे एकाच जोराने कानात शिरतात. हट्टी मूल हवं ते मिळालं की गप्प होतं. याला आपल्याला काय हवंय हेच सांगता येत नव्हतं.

यंदा आम्ही दोनदा दक्षिण गोव्यात आगोंदच्या किनाऱ्यावर जाऊन आलो. फोंड्याहून गाडीने दोनेक तास, करमल घाट उतरला की काणकोण. तिथली शांतता कासवांमुळे आहे! आगोंद, गालजीबाग, मोरजी आणि मांद्रे इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, म्हणून मोठा आवाज आणि झगझगीत दिव्यांना मनाई. कासवांचा नियम आमच्या पोराच्या कामी आला.

जानेवारी 2023मध्ये पणजीत दिव्यांगांसाठीचा पहिला पर्पल फेस्ट झाला, तिथे भेटलेल्या एका आईने मला फोटोंची युक्ती सांगितली होती. निघायच्या आठवडाभर आधी गाडी, खोली, वाळू, पाणी, आंघोळ, वरण-भात असे फोटो ओळीने भिंतीवर लावायचे आणि रोज दाखवायचे. पुढे काय होणार हे कळलं की तो निम्मा शांत असतो. पहिल्या खेपेला मी आंघोळीचा फोटो विसरले, तर बाथरूमच्या दारातच बसून राहिला. शॉवरचे थेंब त्याला टोचतात, त्यामुळे आता बादली-तांब्या घरूनच नेतो.

कोरडी वाळूही त्याला चावते. ओली, घट्ट वाळू मात्र आवडते. टाचा रुतवत चालतो, मग बसतो आणि पायांवर ओल्या वाळूचा ढीग घालून घेतो, गुडघ्यांपर्यंत. ते वजन पडलं की खांदे खाली येतात, हात फडफडवायचे थांबतात. मागच्या वेळी तसाच अर्धा तास बसला होता, मग लाटा मोजायला लागला. मोठ्याने! सुहास आणि मी एकमेकांकडे बघायचंही टाळलं, उगाच मोडायला नको म्हणून.

पाण्याची ओढ त्याला फार आणि भीती अजिबात नाही, याचीच मला धास्ती. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरायचं, आणि कोणीतरी एक जण हाताच्या अंतरावर, मोबाईल खिशात. जीवरक्षकाला आधीच सांगून ठेवतो की हा हाकेला वळणार नाही.

आई, तुला एवढंच, "आजीला पापी दे" म्हणू नकोस. शेजारी बसून राहा, तो आपणहून टेकतो. आणि तीनही दिवस बिनफोडणीचं वरणच खाईल, तू कितीही छान सोलकढी केलीस तरी.

बाबा, एक काम फक्त तुमचं आहे. ओली वाळू लागते म्हणजे सकाळची ओहोटी हवी, उन्हाआधीची. गुहागरला तुम्हीच शिकवलं होतं, तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. म्हणजे द्वितीयेला भरती दीडला आणि ओहोटी सकाळी साडेसातच्या सुमारास, बरोबर ना? मोबाईलवर बघता येतं, पण सुहासचा त्यावर विश्वास आणि माझा तुमच्यावर. जानेवारीतल्या पौर्णिमेनंतरची द्वितीया-तृतीया काढा, शनिवार-रविवार आला तर अमावास्येनंतरची बघा, आणि कळवा. चिपळूणहून मांडवीचं तिकीट मी काढते, मडगावला न्यायला सुहास येईल. मिहिरला दाखवायला तुमच्या दोघांचा एक फोटोही पाठवा, बाबांचा टोपीतला.

तुमची,
माधुरी