"त्या वयात असं होतंच" म्हणे

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

लिहू की नको करत महिना घालवला, शेवटी म्हटलं नाव छापू नका सांगून लिहून टाकू. वय 46, हडपसरहून रोज शिवाजीनगरला ऑफिस. दिवाळीपासून पाळीचं काही खरं नव्हतं, कधी अठरा दिवसांत तर कधी दोन महिने पत्ता नाही, आणि आली की नऊ-दहा दिवस नुसतं अंगावरून जायचं. बसमध्ये जागा असली तरी मी उभी, सलवार कायम काळी. सासूबाई म्हणाल्या पाळी जायच्या वयात असं होतंच, मैत्रिणीही तेच म्हणाल्या, आणि मलापण तेच ऐकायचं होतं म्हणा, कारण डॉक्टरकडे गेलं की पिशवी काढा म्हणतील ही धास्ती.

मग जिना चढताना धाप लागायला लागली. एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन) केलं तर 7.8, बायकांचं 12 च्या वर हवं. पहिल्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, रक्त जातंय कुठे ते विचारलंच नाही. गळक्या टाकीत टँकर रिकामा करण्यातला प्रकार.

दुसऱ्या डॉक्टर बाईंनी विचारलं, पॅड किती तासांनी बदलता, गाठी केवढ्या पडतात, रात्री उठावं लागतं का? मला एक आकडा धड सांगता येईना! घरातल्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे आहेत, सिलिंडरची तारीख आहे, माझ्या पाळीचं काही नाही. त्यांनी सांगितलं ते असं, की 24 ते 38 दिवसांनी येणारी, आठ दिवसांच्या आत थांबणारी पाळी नॉर्मल. जास्त रक्तस्राव म्हणजे पूर्वी 80 मिलीच्या वर धरायचे, जेमतेम एक कटिंग चहा, पण ते मोजणार कोण, म्हणून तासा-दोन तासांत पॅड भिजतंय किंवा दहाच्या नाण्याएवढ्या गाठी पडतायत तर दाखवायचं.

या वयात दर महिन्याला बीज सुटतंच असं नाही, मग आतलं अस्तर वाढत राहतं आणि कधीही, कसंही पडतं, त्यामुळे तारखा चुकतात. पण फायब्रॉईड म्हणजे पिशवीतली साधी गाठ, पॉलिप म्हणजे अस्तरावरचा कोंब, थायरॉईड, तांबी, रक्त पातळ करायच्या गोळ्या, यांनीही जास्त जाऊ शकतं, आणि एखाद्या मुलीला पहिल्या पाळीपासूनच खूप जात असेल तर रक्त गोठण्यातला दोष बघावा लागतो. पंचेचाळिशीनंतर सोनोग्राफीसोबत अस्तराचा तुकडाही बरेचदा तपासतात. माझा तपासला, कॅन्सर नाही, छोटा फायब्रॉईड निघाला. पाळीच्या दिवसांत रक्त कमी जावं म्हणून ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्या घेते, नाही जमलं तर पिशवीत हार्मोनची कॉइल बसवू म्हणाल्या. पिशवी काढायचं नावसुद्धा काढलं नाही. आमच्या सोसायटीत चाळिशीतच पिशवी काढलेल्या तिघी आहेत, आधी दुसरं काही करून बघितलं होतं का विचारलं तर तिघीही गप्प.

आता कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी मी लाल पेनने पॅडच्या रेघा मारते. सासूबाईंनी विचारलं ह्या कसल्या रेघा, तर सगळं सांगितलं, आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर कधीही एक डाग दिसला तरी दाखवायचं असतं हेही बोलून गेले. त्या भाजी निवडत होत्या, मान खाली घालूनच म्हणाल्या, "मला गणपतीपासून लागतंय थोडं थोडं." वय 68. सोमवारची अपॉइंटमेंट घेतलीय.

— एक वाचक, हडपसर, पुणे