सिंक बटण राहू द्या, पुढचं गाणं मात्र मला निवडू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डीजे सॉफ्टवेअरने गाणी सुचवावीत का, एका गाण्यात दुसरं मिसळण्याचं काम, म्हणजे मिक्सिंगही त्यानेच करावं का, यावर आपल्या अंकात वाचकांची मतं येत आहेत. मी सोळा वर्षं हे काम करतोय, नवशिक्यांना शिकवतोही, म्हणून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. बहुतेकांचा सगळा राग सिंक बटणावर आहे. बटण दाबून ठोके जुळवणारा डीजे खरा नाही, असं त्यांचं म्हणणं. मला वाटतं, हा राग भलत्याच जागी निघतोय.

ठोके जुळवणं म्हणजे काय ते सांगतो. वाजत असलेलं गाणं मिनिटाला १२४ ठोक्यांचं आहे आणि पुढचं १२० चं. मग पुढच्याचा वेग सुमारे ३.३ टक्के वाढवायचा, ते एका कानात हेडफोनवर ऐकायचं, दुसरा कान हॉलकडे ठेवायचा आणि दोन्ही ठोके एकावर एक बसले की फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारी पट्टी, सरकवायचा. १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये फ्रान्सिस ग्रासो नावाचा डीजे हे दोन तबकड्यांवर हाताने करायचा. १९७९ च्या टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ या तबकडी वाजवणाऱ्या यंत्रावर वेग आठ टक्क्यांपर्यंत वर-खाली करणारी सरकपट्टी होती. पुढे डीजेंच्या कित्येक पिढ्यांचे हात त्या पट्टीवरच घडले. मला हे नीट जमायला दोन वर्षं लागली आणि त्याचा मला अभिमान आहे. पण समोर नाचणाऱ्याला त्या दोन वर्षांशी काय देणंघेणं? जोड गुळगुळीत बसली की त्याचे पाय थांबत नाहीत, एवढंच त्याला कळतं. ते काम यंत्र करत असेल तर खुशाल करू द्यावं.

कान तयार करणं मात्र चुकत नाही. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये ड्रम माणसाने वाजवलेला असतो, त्याचा वेग गाण्यात थोडा पुढे-मागे होतो. सॉफ्टवेअरने ठोके मोजायला त्यावर सारख्या अंतराच्या रेघांची जाळी टाकली की पहिलं मिनिट ठीक जातं आणि तिसऱ्या मिनिटाला दोन्ही गाण्यांचे ठोके एकमेकांच्या पायात पाय घालायला लागतात. कधी ८७ ठोक्यांचं गाणं त्याला १७४ चं वाटतं. अशा वेळी स्क्रीन सगळं जुळलंय म्हणत असते आणि कानाला ते खटकतं. हात घालावा लागतो तो तेव्हा.

माझी खरी काळजी वेगळी आहे. आता स्क्रीनच्या कडेला एक रकाना असतो: पुढे हे वाजवा. दोन वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात मी त्या रकान्यातलं सगळ्यात वरचं गाणं उचललं. वेग तोच, सूरही जुळणारा, दोन्हीकडे सुराचा संकेत ८ए. जोड इतकी सुंदर बसली की कुठे बदललं ते मलाही कळलं नसतं. पण समोरची माणसं चाळीस मिनिटं सलग नाचून दमली होती. त्यांना ओळखीचं, तोंडाने म्हणता येईल असं काहीतरी हवं होतं आणि या गाण्याची पहिली दोन मिनिटं नुसता ड्रम. पुढच्या रांगेतल्या दोन मुली एकमेकींकडे बघून बाहेर पडल्या. मग त्यांच्या मागचे. मी मान वर करून बघितलं तेव्हा मधली जागा मोकळी झाली होती. मान वर करायला उशीर झाला, कारण मी रकाना वाचत होतो.

नंतर मी काय केलं? गाणं चक्क बंद केलं. क्षणभर शांतता, आणि मग ९६ ठोक्यांचं, सूर अजिबात न जुळणारं एक जुनं गाणं. पहिल्या ओळीलाच माणसं ओरडत परत आली. वेग आणि सूर बघून बनवलेल्या यादीत ते गाणं शंभराव्या नंबरलाही आलं नसतं.

न्यूयॉर्कच्याच डेव्हिड मॅनक्युसोने १४ फेब्रुवारी १९७० ला स्वतःच्या राहत्या जागेत पार्टी सुरू केली, तीच पुढे लॉफ्ट म्हणून ओळखली गेली. पुढच्या काळात त्याने मिक्सिंगच सोडून दिलं. प्रत्येक रेकॉर्ड पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत वाजवायचा, संपली की दुसरी लावायचा. एकही जोड नाही, तरी लोक वर्षानुवर्षं येत राहिले ते त्याने काय वाजवलं आणि कशानंतर वाजवलं यासाठी. मिक्सिंग वजा केल्यावर जे उरतं तेच आमचं मुख्य काम, आणि नेमकं तेच आपण यंत्राच्या हवाली करायला निघालो आहोत.

सुचवणी सरसकट वाईट, असं मी म्हणणार नाही. घरी तयारी करताना माझ्याच हजारो फायलींतलं विसरलेलं गाणं तिने वर काढून दिलंय, त्याबद्दल मी ऋणी आहे. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडे माझी मागणी साधी आहे. रकाना मुळात बंद असावा, मागितला तरच उघडावा. गाणं का सुचवलं ते तिथेच लिहावं: वेगामुळे, सुरामुळे, की इतर डीजे यानंतर तेच लावतात म्हणून. हे तिसरं कारण मला सगळ्यात जास्त खुपतं. सगळ्यांनी सगळ्यांचंच वाजवलं तर प्रत्येक रात्र सारखीच ऐकू येईल.

माझ्याकडे शिकणारी एक मुलगी पुढच्या महिन्यात पहिल्यांदा लोकांसमोर वाजवणार आहे. तिला सिंक चालू ठेवायला मीच सांगितलंय, म्हणजे हात थरथरले तरी ठोके सुटणार नाहीत. रकाना मात्र आम्ही दोघांनी मिळून बंद केला आणि लॅपटॉप थोडा बाजूला सरकवून ठेवला, समोरचे चेहरे दिसतील इतका.

आपला,
एक वाचक