व्हॉल्व्ह बंद केल्यावर

ती. आई-बाबा,
सा. न.

काल फोनवर किडनीतल्या गाठीचं बोलताना बाबा म्हणाले, "काढून टाका एक किडनी आणि मोकळे व्हा, माणूस एकीवर जगतो." जगतो की. पण किडनी दान करणाऱ्याला आधी नीट तपासतात, आणि साखर-बीपी दोन्ही असलेल्याला बहुतेक वेळा परत पाठवतात. बाबा, तुमची साखर चौदा वर्षांची, बीपीची गोळी त्याहून जुनी, आणि किडनी किती काम करते ते दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनीन 1.4. हे सगळं उद्या एकट्या उरलेल्या किडनीने पेलायचं? म्हणून माझा हट्ट आहे, फक्त गाठ काढायची आणि किडनी वाचवायची.

तिकडच्या डॉक्टरांनी सीटीची सीडी पाकिटातून बाहेरसुद्धा न काढता "पूर्ण काढावी लागेल" सांगितलं, तो राग अजून गेलेला नाही. इथल्या सर्जनांनी ती माझ्यासमोर लावली आणि वीस मिनिटं वरखाली करून पाहिली. गाठ 4.2 सेंटीमीटरची. आकाराने फार मोठी नाही, पण जागा वाईट. निम्म्याहून जास्त आत रुतलेली, आणि रक्तवाहिन्या किडनीत शिरतात त्या तोंडाला टेकलेली. अशा गाठींना 4 ते 12 गुण देतात, 10 पासून पुढे अवघड. तुम्हाला 10. शाळेत गुण वाढले की पेढे वाटायचात, इथे उलटं आहे.

आता तुमच्या पाणीपुरवठा खात्यातलं सांगते. फुटलेल्या लायनीला हात लावण्याआधी तुम्ही काय करायचात? व्हॉल्व्ह बंद. इथेही तेच. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा दोन्ही किडन्यांकडे जातो, तशीच कापली तर रक्ताशिवाय काही दिसणारच नाही. म्हणून धमनीला चिमटा लावायचा, गाठ कापून काढायची, आत उघडी पडलेली रक्तवाहिन्यांची आणि लघवीच्या मार्गाची तोंडं शिवायची, वरून टाक्यांचा दुसरा थर, मग चिमटा सोडायचा. पेठेत दोन तास पाणी गेलं तर लोक नुसते ओरडायचे. किडनी मात्र अर्ध्या तासाच्या वर रक्तावाचून राहिली तर कायमची दुखावू शकते. त्यामुळे चिमटा लागला की घड्याळ सुरू.

आणि "मशीन मला कापणार" हे डोक्यातून काढा. ऑपरेशन रोबोटने आहे, पण तो स्वतःहून काही करत नाही. सर्जन त्याच खोलीत, चार पावलांवर बसून, मोठं केलेलं चित्र बघत बोटं हलवतात, तशी आतली अवजारं हलतात. साध्या दुर्बिणीच्या ऑपरेशनची अवजारं काठीसारखी सरळ, याला मनगट आहे. आई, ब्लाउजच्या बगलेत आतून टाका घालताना तुझा हात कसा वळतो? तसंच, फक्त 8 मिलिमीटरच्या भोकातून. रुतलेली गाठ वरून पुरती दिसत नाही, म्हणून सोनोग्राफीचा छोटा प्रोब थेट किडनीवर टेकवून तिच्या कडा आखून घेतात.

लपवणार काही नाही. आत गेल्यावर गाठ सुटत नाही असं दिसलं तर अख्खी किडनी काढावी लागेल, आणि त्या संमतीवरही आधीच सही घेतात. नंतर रक्तस्राव होऊ शकतो, लघवी झिरपू शकते. घरी आल्यावर, अगदी पंधरा दिवसांनीसुद्धा, लघवी लाल दिसली तर "उष्णता झाली" म्हणून सब्जा पीत बसायचं नाही. लगेच फोन करायचा. कधी टाक्यांजवळची वाहिनी फुगून आत रक्त सुटतं, मग जांघेतून बारीक नळी घालून ती बंद करावी लागते.

आई, तू कॅन्सर शब्द टाळून "ते" म्हणतेस. डॉक्टर तोच धरून चालले आहेत. पण अशा काही गाठी साध्याही निघतात, खरं काय ते काढलेला तुकडा तपासल्यावर कळेल.

खर्च रोबोटचा जास्तच आहे. तो दादा आणि मी बघतो. एफडी मोडायची नाही, आणि यावर फोनवर वाद नको.

इकोस्प्रिन, ती रक्त पातळ करणारी गोळी, मनाने बंद करू नका. कधी थांबवायची ते डॉक्टर सांगतील. रविवारी येताना क्रिएटिनीनचे जुने रिपोर्ट आणा, 2019 पासूनचे. फाइल टीव्हीखालच्या कपाटात, लाइटबिलांच्या मागे आहे.

तुमची,
सुमी