तारीख मी घेतली आहे

पुणे, रविवार

ती. आई-बाबांस सा. न.

आधी रागवून घ्या, मग पुढचं वाचा. आईच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनची तारीख मी न विचारताच घेतली आहे. कोजागरीनंतरचा दुसरा मंगळवार, इथे पुण्यात.

विचारलं असतं तर ‘तुळशीचं लग्न होऊ दे’ हेच ऐकायला मिळालं असतं. आई, तू ॲडमिट होतीस तेव्हाच डॉक्टर म्हणत होते, याच खेपेत पित्ताशय काढून टाकू. घट बसायचेत म्हणून तू डिस्चार्ज मागितलास आणि मीही मान डोलावली. तिथे चुकले. दुर्बिणीने पित्ताच्या नळीतला खडा निघाला, पण पित्ताशयात बारके खडे आहेतच. एखादा परत सरकला की पॅन्क्रियाजला, म्हणजे स्वादुपिंडाला, परत सूज. या वेळी रक्तातलं लायपेज, म्हणजे ती सूज दाखवणारा आकडा, नेहमीच्या तिपटीच्या वर गेलं आणि पाच दिवसांवर भागलं. दर वेळी भागेलच असं नाही.

गणपतीत तू मोदक वळत होतीस, खात नव्हतीस. जेवलीस की उजव्या बरगडीखाली हात दाबून बसायचीस आणि आम्ही ‘पित्त झालंय’ म्हणून सोडा देत होतो. मी बघत होते, आई. बघूनही विचारलं नाही.

बाबा, कुळथाचं कढण बंद करा. ते मुतखड्यासाठी देतात. हे खडे वेगळे, बहुतेक कोलेस्टेरॉलचे. कढणाने विरघळत नाहीत. आणि हे ऑपरेशन नवं फॅड नाही. मुंबईत जे. जे. त डॉ. उडवाडियांनी १९९० मध्येच ते दुर्बिणीने केलं होतं. पोटावर तीन-चार छोटी भोकं, बस. पित्त तयार होतं लिव्हरमध्ये, पित्ताशय नुसती साठवणीची पिशवी. ती नसली तरी आईला जेवता येतं.

राहिली काविळीची माळ. शेजारच्या काकूंनी आणून दिली म्हणे. मी तिसरीत असताना कावीळ झाली तेव्हा तू मलाही घातली होतीस. रोज सकाळी ‘बघ, किती लांब झाली’ म्हणायचीस आणि उसाचे करवे सोलून द्यायचीस. ते करवे आठवले की अजून तुझ्या मांडीवर येऊन पडावंसं वाटतं. पण माझी कावीळ लिव्हरच्या सुजेची होती, आपोआप उतरणारी. तुझी नळी तुंबून आलेली. माळ हवी तर घाल, मी काढायला लावणार नाही. तारीख मात्र हलणार नाही.

इथे सगळी सोय आहे. खाली झोपायची खोली, कमोडला धरायला दांडा, चहाला तुझी ती कान तुटलेली पितळी किटली. देवघरही लावलंय. गाडी मी पाठवते, एस.टी. नको. मांजराचं काकूंशी बोलले.

आता नीट ऐका. तोपर्यंत तळलेलं, साय, खोबऱ्याचं वाटण बंद. जुनी फाईल आणि सोनोग्राफीचे कागद बाबांच्या पिशवीत. बाबा, आईची रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने थांबवू नका, मी डॉक्टरांना विचारून कळवते. थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे दिसले, पोटातली कळ थांबेना, तर मला फोन करायच्या आधी रत्नागिरी गाठा. रात्र असली तरी. ‘सकाळी बघू’ चालणार नाही.

आवाज चढला माझा. माफ करा.

तुमची,
मनी

ता. क. बाबा, कुळीथ टाकून देऊ नका, दळून पीठ घेऊन या. पिठलं मी करते, आईने नुसतं बसून चुका काढायच्या.